स्टिअरिंग चकाकतंय म्हणजे मळलंय

मी गाडी शिकवते. सोळा वर्षं झाली, त्यातली नऊ एकाच गाडीवर. या नऊ वर्षांत त्या स्टिअरिंगवरून किती हात गेले याचा हिशोब मी ठेवलेला नाही, पण शिकाऊ हात म्हणजे काय ते मला पक्कं माहीत आहे. पहिल्या दिवशी माणूस स्टिअरिंग धरत नाही, आवळतो. बोटांची पेरं पांढरी पडतात, तळहाताला घामाची धार लागते. कुणी नुकतंच हाताला क्रीम चोळून आलेलं असतं, कुणाच्या बोटात जाड अंगठी, कुणाची नखं लांब. घरच्या गाडीचं स्टिअरिंग दहा वर्षांत जेवढं झिजत असेल, तेवढं माझं दोन-अडीच वर्षांत झिजतं. त्यामुळे झिजलेलं स्टिअरिंग धुऊन, लागलंच तर रंगवून, पुन्हा नीट करायचं काम मी आतापर्यंत चार वेळा केलंय. पहिल्यांदा साफ फसलं, दुसऱ्यांदा निम्मं फसलं. पुढे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या दोन फसण्यांतूनच शिकलेलं आहे.

डोळे उघडले ते मात्र एका विद्यार्थ्यामुळे. निवृत्त गृहस्थ होते. तिसऱ्या दिवशी वळण घेता घेता म्हणाले, “मॅडम, स्टिअरिंगला काही लावलंय का? हात सरकत नाही आणि सुटतही नाही.” मी म्हटलं, “काही नाही काका, लेदर आहे, वापरून गुळगुळीत झालंय.” मला त्या चकाकीचं कौतुकच होतं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, खिशातून पांढरा रुमाल काढून त्यावर बाटलीतलं थोडं पाणी घेतलं आणि डाव्या हाताच्या जागी दोनदा घासलं. मग काही न बोलता रुमाल माझ्यापुढे धरला. त्यावर तपकिरी-काळा पट्टा उमटला होता. मी ज्याला ‘वापरून गुळगुळीत’ म्हणत होते तो शंभरेक माणसांचा वाळलेला घाम होता.

एखाद्या कोऱ्या गाडीत बसून लेदरच्या स्टिअरिंगला हात लावून बघा. ते चकाकत नाही. मंद, कोरडं, किंचित मखमली लागतं आणि हाताला धरून राहतं. चकाकी नंतर येते, आणि ती बहुतेक वेळा हातांचं तेल, घाम, क्रीम आणि धूळ यांचा दाबून बसलेला थर असते. म्हणून या कामातला पहिला नियम: रंग विकत आणण्याआधी धुऊन बघा. चारपैकी दोन वेळा माझं काम धुण्यावरच संपलं.

जागा सांगताना मी घड्याळाची भाषा वापरणार आहे, शिकवताना वापरते तशीच. चाकं सरळ असताना बारा म्हणजे सगळ्यात वर, नऊ डावीकडे, तीन उजवीकडे. जुन्या पद्धतीनं शिकलेल्यांचं स्टिअरिंग दहा आणि दोनला झिजतं. एअरबॅग आल्यापासून आम्ही नऊ आणि तीन शिकवतो, कारण बॅग उघडली तर हात तिच्या वाटेत येऊ नयेत. एका हातानं चालवणाऱ्यांचं बारालाच टक्कल पडलेलं असतं. स्टिअरिंग बघून मी माणूस कसा चालवतो ते सांगू शकते, पण ते असो.

आधी समजून घ्या की आपण कशाला हात लावतोय

गाडीतलं बहुतेक लेदर नुसतं कातडं नसतं. कातड्यावर रंगाचा थर असतो आणि त्या रंगावर पारदर्शक टॉपकोट. हाताला लागतो तो हा टॉपकोट. मळ बसतो तो त्याच्यावर. टॉपकोट झिजला की रंग उघडा पडतो, रंग झिजला की खालचे फिकट तंतू दिसू लागतात, आणि तरीही कुणी लक्ष दिलं नाही तर ते तंतू पिंजारून कापसासारखे वर येतात. या चार वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि चौघींचा इलाज एक नाही. पहिलीला फक्त धुणं लागतं. दुसरीला धुणं आणि नवा टॉपकोट. तिसरीला रंगसुद्धा. चौथीला रंगाआधी बाइंडर (तंतू एकत्र धरणारं) आणि फिलर (भेगा भरणारं).

पण मुळात ते लेदर आहे ना, हे बघा. रिंगच्या आतल्या बाजूला, म्हणजे तुमच्या बोटांची टोकं जिथे येतात तिथे, शिलाई चाचपडून बघा. साच्यात ओतलेल्या पॉलियुरेथेनच्या स्टिअरिंगला शिलाई नसते, त्याऐवजी कडेनं साच्याच्या जोडाची बारीक रेघ फिरलेली असते. शिलाई असूनही रेक्झिन असू शकतं. त्याची छिद्रं आणि सुरकुत्या छापल्यासारख्या एकसारख्या परत परत येतात. लेदरवर त्या जागोजागी बदलतात, हाही ठोकताळाच, कारण लेदरवरही ठसा मारतात. सफाईची पद्धत या तिघांना चालते, पुढचं फिलर-रंगाचं प्रकरण मात्र मी लेदरपुरतंच सांगते आहे. आणि तुमचं स्टिअरिंग मऊ, लव असलेल्या स्वेडसारख्या कापडाचं असेल तर इथेच थांबा. त्याचं सगळं शास्त्र वेगळं.

काय लावू नये

हा भाग थोडा लांबणार आहे, कारण नुकसान इथेच होतं.

पहिल्यांदा मी बुटांचं काळं पॉलिश लावलं होतं. दिसायला अप्रतिम! दोन दिवस दर अर्ध्या तासानं मी गाडीत डोकावून बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या विद्यार्थिनीनं चौकातून गाडी वळवली, हुश्श केलं आणि कपाळावरचा घाम पुसला. चार बोटांचे चार काळे पट्टे. तिला बिचारीला कळेना मी का हसतेय, आणि मला कळेना हे सांगायचं कसं. पॉलिश मेणात कालवलेलं असतं, ते लेदरवर बसून राहतं, हातांची ऊब आणि घाम लागला की सुटतं. बुटाला कुणी दिवसभर हातात धरत नाही.

दुसरी चूक म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्याचा चिकटपणा काढणारा फवारा. मळ निघतो, दोन मिनिटांत निघतो. पण लेदर स्वभावानं आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ४-५ च्या आसपास, आणि हे फवारे जोरदार अल्कली. वरचा थर त्यानं निस्तेज होतो, पुन्हा पुन्हा वापरलं तर कडक पडतो, आणि उघड्या तंतूंत शिरलं तर कातडं आतून कोरडं होऊन भेगाळतं. आंघोळीच्या साबणाचाही पीएच ९-१० असतो. तोही नको.

तिसरी वस्तू तो पांढरा जादूचा स्पंज. त्यात काही रसायन नसतं म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. तो मेलामाइनचा फेस आहे आणि अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखा काम करतो. मळाबरोबर टॉपकोटही खरवडतो. धुताना त्याला हात लावू नका.

तेल. “लेदर कोरडं पडलंय, त्याला तेल पाजा,” असं सांगणारे पावलोपावली भेटतात. टॉपकोट शाबूत असलेलं लेदर तेल पीत नाही, तेल वर राहून धूळ धरतं. टॉपकोट गेलेलं लेदर पितं, आणि मग त्या जागी काळपट डाग पडतो ज्यावर पुढे कुठलाही रंग नीट धरत नाही. शिवाय स्टिअरिंग निसरडं होतं. चकाकी देणाऱ्या सिलिकॉनच्या फवाऱ्यांचंही तेच. डॅशबोर्ड निसरडा झाला तर कुणाचं काही जात नाही, पण ऐन वळणावर हातातून स्टिअरिंग सटकणं काय असतं हे मी शेजारच्या सीटवरून, माझ्या ब्रेकवर पाय ठेवून बघितलेलं आहे.

आणि सॅनिटायझर. २०२० पासून ही सवय सगळ्यांच्या हाताला लागली. त्यात ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं. ओल्या हातानं स्टिअरिंग धरलं की अल्कोहोल टॉपकोटला मऊ करतं, त्यावर मळ रुततो, आणि सगळं मिळून चिकट होतं. माझ्या गाडीत त्या एका वर्षात जेवढी झीज झाली तेवढी आधीच्या तीन वर्षांत झाली नव्हती. सॅनिटायझर लावू नका असं मी म्हणत नाही. लावा, हात पूर्ण सुकू द्या, मग गाडी सुरू करा.

धुणं

गाडी सावलीत लावा, लेदर थंड असू द्या. सीट पूर्ण मागे. स्टिअरिंग वर-खाली आणि पुढे-मागे होत असेल तर ते पूर्ण आपल्याकडे ओढून घ्या, मागच्या बाजूला हात नीट पोचतो. सीटवर आणि मांडीवर जुना टॉवेल. मधली एअरबॅगची टोपी सोडून काम करायचं आहे. ती उघडायची नाही, तिच्यावर रंग-फिलर तर अजिबात नाही, कारण ती ठराविक जागी फाटून उघडावी अशीच बनवलेली असते. स्टिअरिंग काढून काम केलं तर हात छान फिरतो हे खरं. पण त्यासाठी आधी एअरबॅग काढावी लागते, आणि ती ज्याला त्यातलं कळतं त्यानंच काढावी. मी चारही वेळा स्टिअरिंग जागेवर ठेवूनच काम केलंय. एक मात्र लक्षात असू द्या: इंजिन बंद असलं तरी बऱ्याच गाड्यांचा हॉर्न वाजतो. कोपर कुठे टेकतंय बघा. पहाटे साडेपाचला मी हे शिकले.

लागणारं सामान थोडकं आहे. पाण्यावर बनवलेलं, पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) लेदर क्लीनर, मऊ ब्रश, आणि पाच-सहा फिक्या रंगाची मायक्रोफायबर फडकी. फडकं फिकंच हवं, मळ किती निघाला ते दिसायला. शिलाईसाठी मऊ टूथब्रश.

क्लीनर कधीही थेट स्टिअरिंगवर फवारू नका. तो बटणांच्या फटींतून आत जातो, आणि आत वायरी आहेत. ब्रशवर घ्या, तळहातावर थोडा फेस करा आणि फेसानं धुवा. लेदर भिजायला नको, फेसानं नुसतं ओलसर व्हायला हवं. एका वेळी घड्याळातले तीन तास घ्या: बारा ते तीन, मग तीन ते सहा. ब्रश गोल गोल, हलक्या हातानं. दाबून काही मिळत नाही, फेसाला अर्धा मिनिट वेळ दिला तर मिळतं. फेस करडा-तपकिरी झाला की तो वाळायच्या आत पुसा. वाळू दिला तर मळ परत तिथेच बसतो.

मग तेच पुन्हा, आणि फडकं स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. माझ्या गाडीला पहिल्या खेपेला सात फेऱ्या लागल्या. तिसऱ्या फेरीला वाटलं की झालं, कारण दिसायला स्वच्छ दिसत होतं, पण फडकं अजून तपकिरीच येत होतं. फडक्यावर विश्वास ठेवा, डोळ्यांवर नको. रिंगची मागची बाजू विसरू नका, बोटं तिथेच असतात. मात्र फडक्यावर तपकिरी-करड्याऐवजी स्टिअरिंगचाच रंग यायला लागला तर थांबा. मळ संपला आणि आता लेदरचा रंग निघतोय, असा त्याचा अर्थ.

शेवटी साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसून घ्या आणि रात्रभर सुकू द्या.

दुसऱ्या दिवशी उजेडात बघा

सुकलेलं स्टिअरिंग जरा उदास दिसेल. घाबरू नका. मळानं झाकलेली झीज आता खरी दिसतेय. बोटाच्या टोकानं एक छोटा थेंब पाणी दहाच्या जागी ठेवा आणि मनात तीस मोजा. थेंब तसाच मण्यासारखा राहिला तर टॉपकोट आहे, तुमचं काम झालं. पातळ हात लेदर प्रोटेक्टरचा द्या आणि गाडी चालवायला घ्या. थेंब पसरून आत गेला आणि तिथे गडद डाग दिसला तर तिथला थर गेलेला आहे, पुढे वाचा.

आणि लेदर फाटून खालचा फोम दिसत असेल, शिलाई उसवली असेल, किंवा कातडं आक्रसून रिंगवरून सैल सरकत असेल, तर रंगकाम करू नका. ते स्टिअरिंग नव्यानं मढवूनच घ्यायला हवं. त्यावर सैल कव्हर चढवणं हा उपाय नव्हे. वळवताना कव्हर फिरतं आणि चाक फिरत नाही. असं कव्हर घातलेली गाडी घेऊन कुणी सरावाला आलं तर मी आधी ते काढायला लावते.

तयारी, म्हणजे खरं काम

रंग लावणं हे एका तासाचं काम आहे. त्याआधीची तयारी अर्ध्या दिवसाची. माझा दुसरा प्रयत्न फसला तो इथे घाई केल्यामुळे. रंग सुरेख बसला होता, आणि तीन आठवड्यांनी नऊच्या जागी नखाएवढी खपली उचलली गेली. खाली जुनं सिलिकॉन तसंच होतं.

बटणं, प्लॅस्टिकचे आरे, एअरबॅगची टोपी, सगळ्याच्या कडा मास्किंग टेपनं झाका. टेपची कड नखानं दाबून बसवा. डॅशबोर्डवर आणि मीटरवर कागद. हातात नायट्राइलचे मोजे, गाडीची दारं उघडी. आता न विणलेल्या कापडाच्या घडीवर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा लेदरसाठी मिळणारं प्रेप, म्हणजे रंगाआधी पुसायचं द्रावण, घ्या आणि सगळी रिंग पुसून काढा. होय, वर ज्या अल्कोहोलवर मी एवढी चिडले होते तेच. तिथे ते टॉपकोट खातं म्हणून वाईट, इथे आपल्याला उरलासुरला टॉपकोट, तेल आणि सिलिकॉन घालवायचंच आहे. कापडावर थोडा रंग येईल, येऊ द्या. कापड ओलं असावं, गळतं नसावं. चमक पूर्ण गेली आणि सगळीकडे एकसारखा मंदपणा आला की पुरे.

मग पॉलिश पेपर. ६०० नंबरचा, कोरडा, बोटाभोवती गुंडाळून, फक्त झिजलेल्या आणि खरखरीत जागी. उभे राहिलेले तंतू बसेपर्यंत आणि झिजलेल्या भागाची कड हाताला लागेनाशी होईपर्यंत. बाकीच्या रिंगवर १००० नंबरचा नुसता फिरवल्यासारखा, नवा थर पकडायला. शिलाईपासून दूर राहा. पॉलिश पेपर दोऱ्याला लागला की दोरा पिंजतो, आणि तुटला तर गेलंच सगळं. धूळ पुसा, परत एकदा अल्कोहोलचा हात, आणि वीसेक मिनिटं सुकू द्या. यानंतर उघड्या हातानं शिवायचं नाही. एक बोट लागलं तरी तेल लागलं.

थेंब शोषणाऱ्या जागांना लेदर बाइंडर लावा. ते पातळ, दुधाळ असतं, तंतूंत उतरतं आणि त्यांना एकत्र धरतं. स्पंजनं चोळून तीन-चार पातळ हात, मध्ये सुकू देत. त्या जागी परत थेंब ठेवून बघा, आता तो आत जायला नको.

भेगा आणि अंगठीचे खड्डे असतील तर फिलर. लेदरचाच, लवचीक. लाकडाची किंवा गाडीच्या पत्र्याची पुटी कडक असते, पहिल्या आठवड्यात तडकून बाहेर येते. इन्स्टंट ग्लूनं तंतू बसवायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. बसतात, पण ती जागा काचेसारखी टणक होते आणि हाताला कायम बोचते. मी एकदा करून बघितलं, पुन्हा करणार नाही. फिलर जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाच्या तुकड्यानं ओढा, भेगेत दाबून भरा, वरचं लगेच खरवडून काढा. एका थरात खड्डा भरायचा मोह होतो, पण जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि मग खचतो. चार पातळ थर द्या. प्रत्येक पूर्ण सुकला की ८०० नंबरनं एक हलका हात. डोळे मिटून अंगठा फिरवा (मोजा घातलेलाच). खड्डा कळला नाही की झालं. लेदरला बारीक भोकं पाडलेली असतील तर तिथे फिलर वापरू नका, भोकं बुजतात आणि गोंदलेल्या डागासारखी जागा दिसते.

रंग

‘काळा’ म्हणून मागवाल तर फसाल. गाडीतला काळा बहुतेकदा थोडा करडा किंवा तपकिरीकडे झुकलेला असतो, आणि उन्हानं त्यात आणखी बदल झालेला असतो. रंग जुळवायला स्टिअरिंगची खालची, सहाच्या जागेची मागची बाजू बघा. तिथे ना हात लागतो ना ऊन. तिथेच एक ठिपका लावा, सुकवा, मग ठरवा. ओला असतानाचा रंग आणि सुकल्यावरचा रंग सारखा नसतो, साधारण सुकल्यावर गडद होतो, म्हणून ओला असताना निर्णय घेऊ नका.

रंग हवा तो पाण्यावर बनवलेला, लेदरचा पिगमेंट रंग. आरपार मुरणारी डाय नको. ती कच्च्या कातड्यासाठी. रिंगचा पृष्ठभाग जेमतेम दीड-पावणेदोन ए-फोर कागदांएवढा असतो, तेव्हा ५० मिलीची बाटली पुरून उरते. बाटली मिनिटभर नीट हलवा. चमक कमी करण्यासाठी घातलेली पूड तळाशी बसलेली असते. नाही हलवली तर वरचा रंग चकचकीत येतो आणि शेवटचा मॅट.

पहिला हात दाट छिद्रांच्या स्पंजनं चोळून, अगदी थोडा. तो कुरूप दिसेल. पट्टे दिसतील, खालचं दिसेल, मन म्हणेल अजून थोडा घे. घेऊ नका. हेअर ड्रायर मंद उबेवर, वीतभर लांबून, सतत हलता ठेवून सुकवा. एका जागी धरला तर रंगाला फोड येतात. दुसरा हात टिपून टिपून द्या, ओढू नका. टिपल्यानं स्पंजचे पट्टे उमटत नाहीत. चौथ्या हातापर्यंत रंग एकजीव होतो, मला सहाव्यापर्यंत जावं लागलं. प्रत्येक हात इतका पातळ की पाच मिनिटांत हाताला कोरडा लागावा. ओघळ आला तर तो सुकेपर्यंत थांबा, १००० नंबरनं घासा, पुढे चला. ओला ओघळ बोटानं सारखा करायला गेलात तर खालचे तीन थर बरोबर येतील.

वेगळ्या रंगाची शिलाई असेल तर दोन्ही बाजूंनी बारीक ब्रशनं लावा, आणि दोऱ्याला लागलंच तर लगेच ओल्या कापसाच्या काडीनं टिपा. भोकांच्या लेदरवर स्पंज जवळजवळ कोरडा हवा. तरी बुजलेली भोकं सुईनं मोकळी करा. हे काम कंटाळवाणं आहे, मी रेडिओ लावून केलं.

टॉपकोट मॅट घ्या. सॅटिन जरा चमकतो, ग्लॉस उन्हात डोळ्यांवर येतो आणि हाताला निसरडा. तीन-चार पातळ हात. स्टिअरिंगवर सीटपेक्षा कितीतरी जास्त घासणं असतं, म्हणून टॉपकोटमध्ये क्रॉसलिंकर घालणं मला आवश्यक वाटतं. तो थराला आतून बांधतो, मग त्यावर घामाचा आणि अल्कोहोलचा सहज परिणाम होत नाही. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, मोजूनच घाला. मिसळलेलं साठवता येत नाही, लागेल तेवढंच करा. हा पदार्थ त्वचेला आणि श्वासाला चांगला नाही, मोजे आणि उघडी दारं इथे हट्टानं. शेवटचा हात किंचित मऊ असतानाच टेप तिरकी ओढून काढा. पूर्ण कडक झाल्यावर काढली तर कडेचा थर सोबत येतो.

पाच मिनिटांत कोरडं लागतं म्हणून लगेच चालवू नका. किमान एक दिवस गाडी उभी. पुरतं पक्कं व्हायला आठवडा जातो, तोवर धुणं नाही, क्रीमचे हात नाहीत. मी तेव्हा आठवडाभर सुट्टी घेतली आणि लोकांना वाटलं मी गावाला गेले.

पुढे

दाराच्या कप्प्यात मी एक ओलसर फडकं डबीत ठेवते. दर दोन विद्यार्थ्यांनंतर स्टिअरिंग पुसते, नुसत्या पाण्यानं. महिन्यातून एकदा क्लीनरचा फेस. अंगठ्या मी काढायला सांगते, निमित्त पकडीचं देते. उन्हात गाडी लावायची असेल तर काचेमागे सनशेड, नाहीतर बाराच्या जागेचा रंग सगळ्यात आधी उडतो.

उरलेला रंग फेकू नका. टोपण घट्ट लावून घरात, सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत नको, तिथल्या उष्णतेनं तो घट्ट होतो आणि गोठवणाऱ्या थंडीत फुटतो. बाटलीवर तारीख आणि मिश्रण लिहून ठेवा. माझ्या बाटलीवर लिहिलंय: काळा ४० थेंब, तपकिरी ३, पांढरा १. मागच्या महिन्यात कुणाच्या तरी नखानं दोनच्या जागी ओरखडा काढला. अल्कोहोल, दोन टिपके, थोडा टॉपकोट. सकाळची बॅच यायच्या आत सुकलं होतं.